अक्षता पडताना मशीन का अडतं?

शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट खाली येतो आणि मांडवातले चारपाचशे हात एकदम वर जातात. लग्नाच्या अख्ख्या व्हिडिओतला हा सर्वांत मोलाचा तुकडा, आणि तो जेमतेम सहा-सात सेकंदांचा असतो. घरचे लोक पुढे वर्षानुवर्षं तोच पुन्हा पुन्हा लावून बघतात. सातारा-सांगलीकडे ज्याला अजूनही ‘मिक्सिंग’ म्हणतात, त्या संकलनाच्या टेबलावर मशीनही नेमकं इथंच अडतं. चित्र थांबत थांबत पुढे सरकतं, आवाज पुढे निघून जातो, माऊसचा बाण गोल फिरत राहतो. अंतरपाट सुटण्याचा अचूक क्षण पकडायला एडिटर एक चित्र मागे जायला बघतो, तर पडदा अर्धा सेकंद गोठतो. याचं कारण अक्षतांमध्येच आहे. कॅमेरा सेकंदाला 25 किंवा 50 चित्रं टिपतो, पण ती सगळी पूर्ण साठवत नाही. एक चित्र पूर्ण ठेवतो आणि पुढच्या दहा-पंधरा चित्रांसाठी आधीच्यापेक्षा काय बदललं एवढीच नोंद ठेवतो. भटजी संथपणे मंत्र म्हणत बसलेले असतात तेव्हा बदल थोडा असतो आणि नोंदही छोटी होते. अक्षता पडताना हवेतला प्रत्येक तांदूळ वेगळ्या दिशेनं जातो, मागे हात हलतात, फुलं उडतात, कुणीतरी मोबाइलचा फ्लॅश मारतो. नोंदी भरमसाट वाढतात. त्यात एक चित्र मागे जायचं म्हणजे मशीनला आधीचं पूर्ण चित्र गाठून तिथून पुढचा सगळा हिशेब नव्यानं मांडावा लागतो. बैलगाडा शर्यतीच्या व्हिडिओत धुरळा उठतो तिथं आणि कुस्तीच्या मैदानातली माती उडते तिथंही हेच घडतं.

या अडण्यावर बाजारात एकच उत्तर मिळतं : मशीन बदला. रॅम वाढवा, भारी ग्राफिक्स कार्ड टाका, नवा प्रोसेसर घ्या. हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं, असं माझं म्हणणं आहे. या दोन जिल्ह्यांतल्या एडिटरचा जो वेळ आणि पैसा वाया जातो, त्यातला मोठा भाग मशीनच्या कमी ताकदीमुळे जात नाही. कॅमेरा, मशीन आणि सॉफ्टवेअर यांचं एकमेकांशी जुळत नाही, त्यामुळे जातो. कुठे जुळत नाही हे सांगणारी माहिती मराठीत जवळपास मिळत नाही, म्हणून ज्ञानाची कमतरता पैशानं भरून काढायची सवय लागली आहे. कर्ज काढून मशीन येतं आणि अक्षता तशाच अडखळत पडतात.

इथं या कामाचा पसारा किती आहे, तेही लक्षात घ्यायला हवं. वाई आणि मेणवलीच्या घाटांवर ‘स्वदेस’पासून ‘दबंग’पर्यंत हिंदी चित्रपटांचं चित्रीकरण झालं. ‘लागिरं झालं जी’ आणि ‘देवमाणूस’ या मालिकांनी सातारची गावं रोज रात्री घराघरांत नेली. अशा मोठ्या निर्मितीचं चित्रीकरण इथं होतं, पण संकलनाचं काम बहुतांशी मुंबईला जातं. इथं राहतं ते लग्नाचं, साखरपुड्याचं, हळदीचं, यात्रेचं, शर्यतीचं आणि यूट्यूबचं काम. कोरी पाटी प्रॉडक्शनची ‘गावाकडच्या गोष्टी’ ही सातारा जिल्ह्यातल्या मातीतून उभी राहिलेली यूट्यूब मालिका राज्यभर पाहिली गेली. त्यामुळे मुंबईला न जाताही या धंद्यात उभं राहता येतं, असा विश्वास आला. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2021मध्ये परवानगी दिल्यावर बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि त्यांच्या व्हिडिओंचा एक स्वतंत्र बाजार तयार झाला. कराडच्या, विट्याच्या, तासगावच्या गल्लीत दुकानामागच्या खोलीत किंवा घराच्या माडीवर बसून हे काम चालतं. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई सुरू झाली की फोटोग्राफर हार्डडिस्क आणून टाकतो आणि ‘आठवड्यात पाहिजे’ म्हणतो. अडलेल्या मशीनपुढे बसलेला हा माणूस बहुधा एकटा असतो. मुंबईतल्या संकलन-गृहात मशीन बघायला वेगळा तंत्रज्ञ असतो. इथं एडिटर, तंत्रज्ञ, हिशेबनीस आणि गिऱ्हाइकाची बोलणी खाणारा, सगळा एकच माणूस.

पुरावा म्हणून आधी ग्राफिक्स कार्डचंच घेऊ, कारण सर्वांत जास्त पैसा तिथं जातो. 2020मध्ये सोनीचा ए-सेव्हन-एस-थ्री हा कॅमेरा आला, पुढच्या वर्षी ए-सेव्हन-फोर आला, आणि लग्नाच्या धंद्यातही 10 बिट 4:2:2 हा प्रकार रुळला. त्याचा अर्थ साधा आहे. 8 बिटमध्ये एका रंगाच्या 256 छटा साठतात, 10 बिटमध्ये 1024. चित्रातल्या प्रत्येक बिंदूचा उजेड कॅमेरा साठवतो, पण रंगाची माहिती काटकसरीनं ठेवतो : 4:2:0मध्ये चार बिंदूंमागे एक, 4:2:2मध्ये दोन बिंदूंमागे एक. हळदीचा पिवळा, शालूचा हिरवा आणि संध्याकाळच्या वरातीतला दिव्यांचा उजेड नंतर रंगसंस्कार करताना फाटू नये म्हणून हा प्रकार खरोखर चांगला आहे. पण एच.265 या पद्धतीनं असं दाबून साठवलेलं चित्र उलगडायला मशीनमध्ये त्यासाठीच घडवलेली यंत्रणा लागते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स 20, 30 आणि 40 या मालिकांतल्या एकाही कार्डात 4:2:2 उलगडणारी यंत्रणा नव्हती. ती 2025मधल्या 50 मालिकेत आली. इंटेलच्या 11व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमध्ये मात्र जे साधं अंगभूत ग्राफिक्स असतं, ज्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्याला एच.265चं 4:2:2 उलगडता येतं. आता दुकानात काय होतं ते बघा. असेंबल मशीनचं कोटेशन करताना ‘ग्राफिक्स कार्ड टाकतोयच, मग अंगभूत ग्राफिक्स कशाला’ असा विचार होतो आणि नावाच्या शेवटी एफ अक्षर असलेला, थोडा स्वस्त प्रोसेसर बसवला जातो. एफ म्हणजे अंगभूत ग्राफिक्स नसलेला. चार पैसे वाचवताना नेमका तोच भाग मशीनमधून गेला, जो अक्षता सुरळीत पाडू शकला असता. वर बसवलेलं महागडं कार्ड उत्तम आहे, रंगसंस्कार आणि इफेक्ट झपाट्यानं करतं, पण हे एक काम त्याला येतच नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखे घोंघावतात, चित्र अडतं, आणि दुकानदार सांगतो की आणखी वरचं कार्ड घ्या. दुकानदार फसवतो आहे असं मला म्हणायचं नाही. त्यालाही हे कुणी सांगितलेलं नसतं. त्याला गेमिंगचं मशीन बांधता येतं, आणि संकलनाचं मशीन म्हणजे गेमिंगचंच थोडं मोठं, असा सार्वत्रिक समज आहे.

लॅपटॉपचं दुखणं याहून अवघड आहे, कारण तिथं नावसुद्धा विश्वासाचं राहत नाही. आरटीएक्स 3060 हे एकच नाव असलेलं लॅपटॉपचं कार्ड 60 वॅटपासून 115 वॅटपर्यंत कितीही ताकदीवर चालवलेलं असू शकतं. खोक्यावर तेच नाव, कामात मोठा फरक. त्यात आपली लगीनसराई एप्रिल-मेच्या उन्हात येते. जत किंवा माण तालुक्यात पारा चाळिशी गाठतो, पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप चार तास एक्सपोर्टला लावलेला असतो, आणि आतलं तापमान शंभर अंशांच्या घरात गेलं की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. एडिटरला वाटतं, सॉफ्टवेअर हँग झालं. पंख्यात साठलेली धूळ झाडली आणि लॅपटॉप खालून हवा मिळेल असा ठेवला, तर तेच काम कितीतरी लवकर होतं.

मशीननंतर साठवणीकडे येऊ. 4केचं चित्रण साधारण 100 मेगाबिटनं होत असेल तर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, म्हणजे तासाला 45 गिगाबाइट. हळद आणि लग्न मिळून तीन कॅमेरे प्रत्येकी सहा तास चालले, तर एका लग्नाचं फुटेज 810 गिगाबाइट होतं. हे सगळं एका फिरत्या चकतीच्या बाहेरच्या हार्डडिस्कवर येतं आणि संकलनही तिच्यावरूनच चालतं. ही डिस्क सरळ ओळीनं वाचताना सेकंदाला शंभर-सव्वाशे मेगाबाइट देते. पण तीन कॅमेरे एकदम टाइमलाइनवर लावले की वाचणारं डोकं चकतीवर तीन ठिकाणी धावत राहतं आणि वेग कोसळतो. इथंही रॅम दुप्पट करण्याचा सल्ला मिळतो, आणि तो निरुपयोगी ठरतो. चालू असलेलं एकच लग्न एसएसडीवर घ्यायचं, काम संपलं की मोठ्या डिस्कवर हलवायचं, एवढ्यानं जो फरक पडतो तो 64 जीबी रॅमनं पडत नाही.

साठवणीत वेगाइतकाच सुरक्षिततेचाही प्रश्न येतो, आणि सांगलीत तो कुणाला समजावून सांगावा लागू नये. ऑगस्ट 2019मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 फूट आहे. बाजारपेठ पाण्याखाली गेली. 2021च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. तळमजल्यावरच्या कपाटात एकमेकींवर रचलेल्या हार्डडिस्क, ही या धंद्यातली नेहमीची व्यवस्था आहे. तिथं पाणी शिरलं तर जातं ते दुसऱ्यांच्या घरचं, आणि पुन्हा न घडणारं. मशीन विम्यातून परत घेता येईल, वारलेल्या आजोबांनी नातीवर टाकलेल्या अक्षता परत येणार नाहीत. तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी, हा या व्यवसायाचा जगभरचा नियम आहे. त्यासाठी इंटरनेटवरची महागडी साठवण लागत नाही. गिऱ्हाइकालाच कच्च्या फुटेजची एक डिस्क देऊन टाकली आणि ती पावतीवर लिहून घेतली, तरी एक प्रत दुसऱ्या जागी पोचते.

पैशानं सुटत नाही अशा त्रासाचं सर्वांत स्पष्ट उदाहरण मात्र आपली लिपीच आहे. वधूवरांची नावं टाइप करताना ‘शिवानी’तली पहिली वेलांटी ‘श’च्या पुढे जाऊन बसते, ‘प्रतीक्षा’तला क्ष फुटून क आणि ष वेगळे होतात, ‘सूर्यवंशी’तला रफार भलत्याच अक्षरावर जातो. लाखो रुपयांचं मशीन घेतलं तरी ती वेलांटी जागची हलत नाही. देवनागरीत अक्षरं एकमेकांना चिकटतात, जागा बदलतात, आणि त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये वेगळी अक्षरजुळणी लागते. प्रीमियर प्रोच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्सच्या भागात दक्षिण आशियाई आणि मध्यपूर्वेतल्या लिप्यांसाठीचा पर्याय आहे. तो निवडला की अक्षरं नीट बसतात. हा पर्याय मुळातच चालू नसतो, आणि तो कुठे आहे हे ठाऊक नसलेला माणूस श्री-लिपीसारख्या जुन्या सांकेतिक फाँटकडे वळतो. त्यात अक्षर पडद्यावर बरोबर दिसतं, पण आत साठलेला मजकूर इंग्रजी चिन्हांचा असतो. पत्रिकेतलं नाव कॉपी करून आणता येत नाही, फाँट बदलला की सगळी अगम्य चिन्हं होतात. एका लग्नात पन्नास-साठ नावं असतात आणि एकही चुकलं तर मामा रुसतात. ही नावं पुन्हा पुन्हा टाइप करण्यात या दोन जिल्ह्यांत किती रात्री गेल्या असतील. हा दोष सरळसरळ सॉफ्टवेअर करणाऱ्यांचा आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या वस्तूत भारतीय लिपी न मागता नीट उमटली पाहिजे, आणि हे मागणं आपण पुरेशा आवाजात कधी मांडलेलं नाही.

आणखी एक प्रकरण असं की ज्यात अनेकांनी वर्षभर स्वतःलाच दोष दिला. इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीतले वरच्या श्रेणीचे डेस्कटॉप प्रोसेसर कामाच्या मध्येच कोसळतात, अशा तक्रारी जगभरातून येत होत्या. जुलै 2024मध्ये कंपनीनं मान्य केलं की प्रोसेसर स्वतःसाठी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्ती निघाली, ती बायोस अद्ययावत करून घ्यायची होती, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. झालेली इजा मात्र या दुरुस्तीनं भरून येत नाही. मशीन संकलनासाठी विकत घेतलेलं, तासन् तास पूर्ण भारावर चाललेलं, एक्सपोर्ट 80 टक्क्यांवर जाऊन बंद पडणारं. असा प्रोसेसर वापरणाऱ्यानं विंडोज नव्यानं टाकलं, रॅम बदलली, सॉफ्टवेअर बदललं, तरी उपयोग नव्हता. उपाय फुकट होता आणि इंग्रजीत होता.

इथवर वाचून काहीजण म्हणतील की मग सरळ मॅक घ्यावा. या आक्षेपात तथ्य आहे. ॲपलनं 2020पासून स्वतःच्या चिप आणल्या आणि त्या 10 बिट 4:2:2 विनासायास उलगडतात. ऑक्टोबर 2021च्या एम-वन प्रोपासून संकलनासाठीच्या प्रोरेस प्रकाराचीही वेगळी यंत्रणा आत आली. ज्याला परवडतं आणि ज्याचं सगळं काम त्यावर बसतं, त्यानं तो जरूर घ्यावा. पण मॅक उत्तम चालतो तो महाग असल्यामुळे नाही, कॅमेरा जे लिहितो ते वाचणारी यंत्रणा त्यात बसवलेली असल्यामुळे चालतो. हेच जुळणं कमी पैशांत विंडोजच्या मशीनवरही साधतं. शिवाय मॅकबुकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, घेताना जी घेतली तीच कायमची. आणि आपल्याकडे लग्नाच्या संकलनात एडियस हे सॉफ्टवेअर खोलवर रुजलेलं आहे. तऱ्हेतऱ्हेचं फुटेज रूपांतर न करता एकाच टाइमलाइनवर चालवण्याची त्याची ख्याती, त्यासाठी तयार मिळणारे लग्नाचे प्रोजेक्ट, हात बसलेले शॉर्टकट; आणि एडियस फक्त विंडोजवर चालतं. पंधरा वर्षांचा हात बदलायचा म्हणजे एक सराई तोट्यात काढायची. ॲपलवर भरवसा ठेवलेल्या जगभरच्या एडिटरांनाही 2011मध्ये असाच फटका बसला होता. ॲपलचं संकलनाचं सॉफ्टवेअर फायनल कट प्रो टेन आलं आणि त्यात फायनल कट प्रो 7चे जुने प्रोजेक्ट उघडेनात. अनेक कॅमेऱ्यांच्या संकलनाची सोयही सुरुवातीला नव्हती, ती पुढच्या वर्षी आली.

दुसरा आक्षेप वेळेचा. फुटेज आधी हलक्या प्रतींमध्ये रूपांतरित करायचं, म्हणजे प्रॉक्सी बनवायच्या, त्या हलक्या प्रतीवर संकलन करायचं आणि शेवटी मूळ फुटेज जोडून एक्सपोर्ट करायचं, हा जुन्या मशीनवरही चालणारा उपाय आहे. प्रमुख सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय आहे. पण सराईत रोज एक लग्न येत असताना प्रॉक्सी बनवायला वेळ कुठून आणायचा, असं विचारलं जातं. याचं उत्तर चित्रपटांच्या इतिहासातच आहे. फिल्मच्या काळात कुठलाही संकलक मूळ निगेटिव्हला कात्री लावत नसे. निगेटिव्हवरून काढलेल्या रश प्रिंटवर सगळी काटछाट होई, आणि ती पक्की झाल्यावर फिल्मच्या कडेच्या आकड्यांवरून निगेटिव्ह कापली जाई. पुण्यात प्रभातच्या जागेवर 1960मध्ये उभ्या राहिलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कित्येक पिढ्या याच पद्धतीनं शिकल्या. प्रॉक्सी म्हणजे आजची रश प्रिंट. ती बनवण्याचं काम मशीन रात्री एकट्यानं करतं, माणूस झोपलेला असताना. त्यासाठी एक चांगला यूपीएस लागतो, कारण मध्यरात्री वीज गेली तर सकाळी काहीच हाती नसतं. अक्षतांच्या त्या सहा सेकंदांपाशी दिवसभर शेकडो वेळा अर्धा अर्धा सेकंद थांबणं आणि रात्री चार तास मशीन चालू ठेवणं, यात माणसाचा वेळ कशात जातो हे उघड आहे.

तिसरी गोष्ट चोरीच्या सॉफ्टवेअरची, ती स्पष्टपणे बोलायला हवी. क्रॅक केलेली प्रत फुकट मिळते, मग शिकायचं आणि विकत घ्यायचं कशाला, असा हा विचार. यात नैतिकतेचा मुद्दा आहेच, पण धंद्याचाही आहे. स्टॉप-डिजेव्हीयू नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर मुख्यतः अशा क्रॅकमधूनच पसरला. तो मशीनमधल्या आणि जोडलेल्या डिस्कवरच्या फायली कुलूपबंद करतो आणि पैसे मागतो. दुसऱ्याच्या लग्नाचं एकमेव फुटेज ज्या मशीनवर आहे, त्यावर हा धोका घेणं मला अक्षम्य वाटतं. शिवाय आता त्याची गरज उरलेली नाही. दा विन्ची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पूर्ण व्यावसायिक काम करते, 4केपर्यंत. तिची सशुल्क आवृत्ती 295 डॉलरना एकदाच घ्यावी लागते, दर महिन्याचं भाडं नाही. मोफत आवृत्तीला मर्यादा आहेत. काही प्रकारचं 10 बिट फुटेज ती नीट घेत नाही, आणि कमी मेमरीच्या कार्डावर ‘जीपीयूची मेमरी भरली’ हा निरोप वारंवार येतो. पण या मर्यादा आधी कळल्या तर त्यांच्याभोवती काम बेतता येतं.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे. दोष कंपन्यांचा, मग शिकण्याचा भार एडिटरवर का? कंपन्यांचा दोष मी जराही कमी लेखत नाही. प्रीमियर प्रो बनवणाऱ्या ॲडोबीनं मे 2013मध्ये जाहीर केलं की यापुढे कायमचं विकत मिळणारं सॉफ्टवेअर बंद, फक्त वर्गणी. तेव्हापासून काम असो वा नसो, भाडं चालू. आखाडापासून दिवाळीपर्यंत मुहूर्त नसतात हे वर्गणीला कळत नाही. जून 2024मध्ये अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाच्या सांगण्यावरून तिथल्या न्याय खात्यानं याच कंपनीवर खटला भरला. वर्गणी मध्येच बंद केल्यास भरावा लागणारा दंड ग्राहकांपासून झाकून ठेवला, हा त्यातला आरोप. मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा आधार काढून घेतला आणि विंडोज 11साठी अधिकृतपणे साधारण 8व्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर लागतात. त्यामुळे ठणठणीत चालणारी जुनी मशीनं एका तारखेला जुनाट ठरली. हे सगळं अन्यायाचं आहे. पण एकट्या माणसाची तक्रार कंपनीपर्यंत पोचत नाही, आणि पोचवायची तर आधी आपल्याला नेमकं काय होतंय हे सांगता आलं पाहिजे. ‘मशीन हँग होतंय’ ही तक्रार कुणी घेत नाही. ‘अमुक कॅमेऱ्याचं 4:2:2 फुटेज अमुक आवृत्तीत उलगडत नाही’ ही तक्रार टाळता येत नाही. म्हणून शिकणं हा कंपनीला सोडून देण्याचा मार्ग नाही, तिला जाब विचारण्याची पहिली पायरी आहे. आणि हे एकट्यानं करायची गरज नाही. तालुक्यातालुक्यांत फोटोग्राफरांच्या संघटना आहेत, 19 ऑगस्टला त्या छायाचित्रण दिन साजरा करतात. ज्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी एकत्र येऊन रेठऱ्याचा, सांगलीचा साखर कारखाना उभा केला, तिथं पन्नास एडिटरांनी मिळून एक तपासणीचं मशीन ठेवणं आणि मराठीत दोन पानांचं टिपण काढणं अवघड नाही.

खेड्यातल्या मुलांना एवढं तांत्रिक झेपणार नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं आजूबाजूला बघावं. सांगलीपासून पन्नास किलोमीटरवरच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सहकाऱ्यांच्या मदतीनं चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि त्यावर ‘सैरंध्री’ काढला. तो 1920मध्ये पडद्यावर आला. कॅमेऱ्याच्या आत काय चालतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तो बिघडला तर थांबावं लागत नव्हतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर सुरुवातीला कुणी घेईना. लोखंडानं जमीन विषारी होते अशी समजूत होती, आणि सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षं लागली. 1910मध्ये औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडल रोडजवळच्या माळावर त्यांनी कारखाना उभा केला. औंध आज साताऱ्यात आहे, किर्लोस्करवाडी सांगलीत. प्रोसेसर कुणी घरी घडवावा असं मी म्हणत नाही. पण त्याच्या नावातल्या एफचा अर्थ दहावी झालेल्या मुलाला दहा मिनिटांत कळतो, जर कुणी मराठीत सांगितला तर.

या सराईआधी नवं मशीन घ्यायचं ज्यांनी ठरवलं आहे, त्यांना एक सुचवतो. आपल्याच कॅमेऱ्यातला अक्षतांचा दोन मिनिटांचा मूळ तुकडा पेनड्राइव्हवर घ्या आणि दुकानात जा. पैसे देण्याआधी तो तुकडा तिथल्या मशीनवर कॉपी करून, आपण वापरतो त्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. पुढे चालवा, मग उलटा चालवा, बाणाच्या बटणानं एकेक चित्र मागे या. त्याच वेळी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जा. मशीनमध्ये दोन जीपीयू असतील तर अंगभूत आणि वेगळं, दोन्ही बघा. ‘व्हिडिओ डिकोड’ नावाचा छोटा आलेख तिथं दिसतो. अक्षता पडताना तो आलेख दोन्हींपैकी एकाचा तरी वर चढला, तर चित्र उलगडण्याचं काम त्यासाठी घडवलेला भाग करतो आहे. दोन्ही आलेख शून्यावर पडून राहिले आणि प्रोसेसरचा आकडा शंभराला भिडला, तर दुकानदाराला दुसरा प्रोसेसर लावून दाखवायला सांगा.